पितृपंधरवड्यात आणलेली गाडी

अंगणातला जळका वास गेला होता.

सर्वपित्री अमावस्येची भाजी घेऊन प्रेमला फाटकापाशी आली आणि तिथंच थबकली. बारा दिवस हा वास घरात मुरला होता. रबराचा, रेक्झिनचा, आगीवर मारलेल्या पाण्याचा. कणकेला सुद्धा तो लागतो, अशी सासूबाईंची तक्रार होती. आज त्या जागी फिनेलचा वास होता. फरशी ओली होती, ताडपत्री घडी करून कठड्यावर टाकलेली होती, आणि गाडी उघडीवाघडी, न्हाऊ घातल्यासारखी उभी होती. मागच्या निम्म्या अंगावर तिचा लाल रंग अजून चकाकत होता. पुढचं अंग करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखं फुगून काळं पडलं होतं.

पिशवी खाली ठेवून प्रेमला वाकली आणि तिनं पुढच्या, डॅशबोर्डच्या फळीखाली हात घातला. हात सरळ पलीकडच्या पत्र्याला जाऊन लागला. मधे काहीच नव्हतं.

"आत्या," ती सासूबाईंना म्हणाली, "इथलं वायरींचं जुडगं कुठं गेलं?"

रंगूबाई ओट्यावर बसून आळूची पानं पुसत होत्या. "दिलं भंगारवाल्याला. गाद्या, वायरी, ती काळी नळकांडी, समदं. उद्या घट बसायचेत. देवीम्होरं जळकं ठेवू व्हय?"

"पण वायरी..."

"म्या सोता वढून काढल्या. हे बग." त्यांनी उजवा तळहात पुढं केला. हळद दाबलेल्या दोन चिरा होत्या त्यावर. "लई चिवट. जीव खाल्ला माजा."

प्रेमलानं त्या चिरांकडं पाहिलं. आत तिचा धाकटा दीर विश्वजित दाढी करत होता. तो तोंडाला साबण तसाच ठेवून बाहेर आला, गाडीत डोकावला, आणि शर्ट अडकवून मोठ्या भावाची सायकल काढून निघाला. भंगारवाला दिघ्याचा होता. तिथं वायरी पेटवून तांबं काढतात, हे त्या दोघांनाही ठाऊक होतं.

विश्वजितनं गाडी आणली ती पंधरवड्यातल्या तृतीयेला. वाशीच्या एका बिल्डरच्या पोराची ही परदेशी गाडी. दोघांपुरती, वरून उघडी, माणसाच्या कमरेलाही न पोचणारी. उभ्या जागी पेटली, पुढून जळाली, आणि विमावाल्यांनी ती तुर्भ्याच्या एका गोदामात लिलावाला काढली. लिलाव नेमका पितृपंधरवड्यात पडला. या दिवसांत वाहन घ्यायला कोण येतंय? नेहमीचे दलालसुद्धा दसऱ्यानंतर बघू म्हणून फिरकले नाहीत. बोली लावायला एकटा विश्वजित. सहा वर्षं गॅरेजमध्ये हात काळे करून साठवलेलं सगळं आणि स्वतःची मोटरसायकल देऊन त्यानं ती घेतली, टेम्पोच्या मागं दोर लावून कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत आणली आणि बापाच्या बैठ्या घरासमोर उभी केली.

"पंधरवड्यात वाहन! आन् ते बी जळकं!" रंगूबाईंनी त्या दिवशी कपाळाला हात लावला होता. "माज्या सासऱ्याच्या तिथीला दारात चिता आनली रं तू!"

तेव्हा मधे पडली ती प्रेमला. थोरली सून, हळू आवाजाची, चातुर्मासात रोज तेहतीस गोपद्मं काढणारी, सोमवारी जेवणापर्यंत मौन पाळणारी. सासऱ्यांसमोर ती एरवी ताट ठेवण्यापुरती यायची. त्या दिवशी पदर सावरून म्हणाली, "मामंजी, वाहन आणलं असं म्हणूच नका. चालत नाही ते वाहन कसलं? आज दारात नुसतं सामान आलंय. चालेल त्या दिवशी त्याला वाहन म्हणू."

जोतीरामांनी तीस वर्षं कांदा-बटाट्याच्या गोण्या पाठीवर वाहिल्या होत्या. बोलण्याआधी ते शब्दसुद्धा पाठीवर घेऊन बघायचे. मग ते म्हणाले, "दसऱ्यापातूर ऱ्हाऊ द्या. दसऱ्याला तिचं दिवं लागलं तर वाहन. माज्या हातानं हार घालीन. न्हाय लागलं तर एकादशीला भंगारात." मग सुनेकडं वळून, जरा नरम आवाजात, "आन् प्रेमला, तुजं बी त्येच. दिवं लागलं तर तुजं काम हितं. न्हाय तर लेकीला, पिरीला घिऊन दिवाळीच्या आत गावाला, थोरल्या वैनीकडं."

गावाकडं सगुणाबाई एकट्या होत्या. जोतीरामांच्या वारलेल्या थोरल्या भावाची बायको. श्रावणात पाय घसरून मोडला होता, पाणी द्यायला कोणी नव्हतं. रंगूबाईंनी जाणं शक्य नव्हतं; विहिरीच्या वाटणीवरून दोघी जावांचं बोलणं तुटल्याला अकरा वर्षं झाली होती. मग उरलं कोण? ज्या बाईचा कारखाना चैत्रात बंद पडला आणि जी आता घरी 'रिकामी' होती, ती.

त्या कारखान्यात प्रेमलानं अकरा वर्षं जिपांचं आणि टेम्पोंचं वायरिंग बांधलं होतं. मोठ्या लाकडी बोर्डावर खिळे मारलेले असायचे आणि आठ बायका त्या बोर्डाभोवती फिरत एकेक वायर खिळ्यांतून ओढत जायच्या. साहेब लोक रंगांची नावं इंग्रजीत घ्यायचे. बायकांची नावं आपली: लाल ती कुंकू, पिवळी हळद, तपकिरी चिंच, जांभळी वांगं, राखाडी भस्म. गाडीच्या पोटातला प्रत्येक दिवा, प्रत्येक भोंगा कुठून जागा होतो, ते या बायकांच्या बोटांना ठाऊक असायचं. विश्वजितच्या गॅरेजचे मालक कमळाकरशेठ, मूळ तुर्भे गावातले, तिला म्हणाले होते, "वैनी, ही गारी जागी करून दाव. मंग शेडचा अर्दा भाग तुजा हाय. तुज्या कारखान्यातल्या बायांना घेऊन ये." जयमाला आणि आणखी दोघी त्या निरोपाची वाट पाहत घरी बसल्या होत्या.

या गाडीचा नकाशा कुणाकडं नव्हता. जळकं जुडगं हाच नकाशा. रंगाची आवरणं वितळून काळी झाली होती, रंग उरला होता तो फक्त टोकांशी, खोबणीच्या आत; तरी कोणता फाटा कुठं फुटतो, किती लांब जातो, हे त्यात जसंच्या तसं होतं. बारा दुपारी प्रेमला गाडीखाली पाठीवर पडून बोटांनी एकेक फाटा चाचपत होती. घट बसले की प्लायवूडचा बोर्ड आणायचा, त्यावर ते जुडगं अख्खं उतरवून ठोकायचं आणि त्यावरून नवं बांधायचं, असं ठरलं होतं. तोवर ते गाडीतच बरं, असं तिला वाटलं. कुणाला सांगून ठेवायला हवं हे सुचलंच नाही. चूक ती.

ती उठली, हात धुतले, स्वयंपाकघरात गेली आणि ओठांवर बोट ठेवून लेकीकडं पाहिलं.

"मौन?" नववीतली प्रियदर्शिनी गोंधळली. "मम्मी, आज सोमवार कुठं आहे?"

प्रेमलानं बोट काढलं नाही. बारा दुपारींचं सगळं जुडगं आता तिच्या डोक्यात होतं. एका शब्दाला तोंड उघडलं तर त्यातून काय सांडेल, सांगता येत नव्हतं.

आधी तिनं प्रियदर्शिनीच्या वहीवर काढून पाहिलं. कागद वीतभर आणि वायरी बारा फूट. चौथ्या फाट्यालाच रेघा एकमेकींवर चढल्या. तिच्या बोटांना खऱ्या लांबीची सवय होती, चालत चालत ओढायची. मग ती खडू घेऊन अंगणात गेली. तेवढी सपाट जागा दुसरी नव्हती. पहिली रेघ ओढायला वाकली तोच ओट्यावरून आवाज आला.

"आज दारात रेघ न्हाय वढायची. सर्वपित्री हाय."

"आजी, ती रांगोळी नाहीये," प्रियदर्शिनी म्हणाली.

"खडूची आसूंदे न्हाय तर भस्माची. दारातली रेघ ती रेघ. पितर आल्या पावली माघारी जात्यात."

प्रेमला वाकलेलीच राहिली. सकाळी तिनं स्वतःच दारात रांगोळी घातली नव्हती. गोपद्मंसुद्धा देवापुढच्या पाटावर काढली होती. सासूबाई खोटं बोलत नव्हत्या. तिनं खडू कठड्यावर ठेवला. उद्या उजाडेपर्यंत हे सगळं असंच डोक्यात धरून बसायचं होतं.

दुपारी पान मांडलं तेव्हा उज्वलाही आली होती. प्रेमलाची नणंद, सीवूड्सला नव्या सोसायटीत राहणारी. आल्या आल्या तिनं गाडीकडं पाहून नाकाला रुमाल लावला, मग वास नाही असं लक्षात आल्यावर काढला.

"वहिनी, कढीत आलं जरा जास्त झालंय का गं?" तिनं विचारलं.

प्रेमलानं नुसती मान हलवली.

"रुसली हाय माज्यावर," रंगूबाई म्हणाल्या.

"रुसायची सवय नाही तिला," पाटावर बसता बसता मानसिंग बोलला. प्रेमलाचा नवरा. बापाच्याच टोळीत, बापाच्याच जागी काम करणारा. "काहीतरी नेम असंल."

प्रेमला वाढत होती. पहिलं पान सासऱ्यांचं: पुढचा उजवा दिवा, कुंकू आणि काळी, सहा फूट. दुसरं मानसिंगचं: पुढचा डावा दिवा, तेवढंच, पण आधी एक वळण. तिसरं उज्वलाचं: भोंगा, वांगं. कारखान्यात बोर्डाभोवती फिरायची तशी ती पानांभोवती फिरत होती. भोपळ्याच्या भाजीला एक फाटा, गवारीला एक, वड्यांना एक.

तेवढ्यात विश्वजित आला. घामानं भिजलेला. पायरीवर बसून त्यानं खिशातून मुठीएवढा तांब्याचा गोळा काढला आणि जमिनीवर ठेवला. काळानिळा, अजून कोमट.

"पोचलो तर पेटवून मोकळे झाले होते. हे एवढं उरलं, वहिनी."

रंगूबाईंनी गोळ्याकडं पाहिलं आणि भाताचा घास उगाच चिवडला. "मला काय ठावं," त्या पुटपुटल्या. "जळकं ते जळकं. त्यात काय वाचायचं आसतं व्हय?"

"आबा, आता तरी द्या ना सोडून," उज्वला म्हणाली. "सोसायटीत मला विचारतात, तुझ्या भावानं जळकी गाडी घेतली म्हणे. मी काय सांगू?"

"सांग, पहिली चक्कर तुमच्या सोसायटीला मारणार," विश्वजित म्हणाला.

"दोन माणसांची गाडी! आईला नेशील का आबांना?"

"पाळीपाळीनं. तुझा नंबर शेवटी. टेन्शन घेऊ नको."

"विशू, चेष्टा पुरे," मानसिंग म्हणाला. तो पानाकडं बघत बोलत होता. "आबा, माझं ऐका. ते जुडगं गेलं म्हणजे विषय संपला. उगाच दसऱ्यापर्यंत हिला टांगून ठेवण्यात काय अर्थ आहे? उद्याच सगुणाकाकूला निरोप धाडू, प्रेमला येतेय म्हणून. पिरीच्या शाळेचं तिकडं बघता येईल."

प्रेमलाच्या हातात कढीचा डाव होता. तो तसाच राहिला. सोळा वर्षांत हा माणूस तिला कधी वाकडा शब्द बोलला नव्हता, आणि आता इतक्या सरळ आवाजात तिचं बोचकं बांधत होता. बोलावं, एकच वाक्य बोलावं, असं तिच्या गळ्यापर्यंत आलं. तिनं ते गिळलं.

गिळता गिळता आतून काहीतरी निसटलं. चिंच. डाव्या अंगाला जाणारी तपकिरी वायर. ती फळीखालून निघते इथपर्यंत दिसत होतं. पुढं कुठं जाते? सकाळपर्यंत माहीत होतं. आता तिथं अंधार होता.

"दसऱ्यापातूर म्हनलोय," जोतीराम म्हणाले. "दसऱ्याच्या आत निरोप जायाचा न्हाय. कढी वाढ, पोरी."

तिनं कढी वाढली. संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर उज्वलानं तिला दोनदा हाक मारली, प्रियदर्शिनीनं एकदा. ती उत्तरली नाही. निजताना तिनं डोक्यावरून पदर घेतला आणि बोर्डाभोवती फिरत राहिली. कुंकू, हळद, वांगं, भस्म. चिंचेपाशी आलं की थांबायची, वळसा घालून पुढं जायची.

घटस्थापनेच्या दिवशी उजाडायला प्रेमला न्हाऊन ओलेत्या केसांनी अंगणात उतरली. आधी तुळशीपाशी तेहतीस गोपद्मं काढली. मग रांगोळीचं अख्खं पातेलं घेऊन गाडीच्या तोंडापासून सुरुवात केली.

पांढरी रेघ तिच्या चिमटीतून सुटत गेली. जाड, सरळ, कुठंही न थबकता. कारखान्यातल्यासारखी ती मागं मागं सरकत होती, आणि रेघेला फाटे फुटत होते; दोन दिव्यांकडं, एक भोंग्याकडं, एक बॅटरीकडं, मग एक जाड सोट पाठीमागं फळीच्या दिशेनं. शेजारच्या बायका फाटकाशी जमल्या. कुणी विचारलं, "प्रेमलाताई, हे कुठलं व्रत गं?" विश्वजित टॉर्च घेऊन गाडीत शिरला होता. रंगूबाईंनी ओढताना वायरींची टोकं बऱ्याच ठिकाणी तुटून खोबणीतच राहिली होती, आणि खोबणीच्या आत अर्धं बोट रंग अजून शाबूत होता. तो एकेक टोक बघून ओरडायचा.

"उजवा दिवा, लाल आणि काळी!"

प्रियदर्शिनी कुंकवाची रेघ पांढऱ्यावर भरायची.

"भोंगा, जांभळी!"

"मम्मी, बरोबर आहे!" प्रियदर्शिनी नाचली. "तू आधीच काढलंयस!"

मानसिंग दारात उभा होता. रात्रपाळीच्या गाड्या रिकाम्या करून आलेला, खांद्यावर पोतं तसंच. पोतं काढून त्यानं रांगोळीच्या कडेनं विटा मांडायला घेतल्या, वारा लागू नये म्हणून.

मग प्रेमला थांबली. डाव्या अंगाला, फळीखाली. चिमूट भरलेली, हात जमिनीपासून चार बोटं वर. रेघ तिथं संपली होती.

"डाव्या बाजूला तपकिरीचं एक टोक आहे," विश्वजित आतून म्हणाला. "पार मागं, वहिनी. पण मधून कशी गेली? वरून का खालून? वरून नेली आणि दार लागलं तर पहिल्याच दिवशी चेपून परत पेटेल."

प्रेमलानं डोळे मिटले. अंधार तसाच. फाटकाशी बायका कुजबुजू लागल्या. तिच्या चिमटीतली रांगोळी आपोआप झरून जमिनीवर ठिपका साचला.

ओट्यावर रंगूबाई घटासाठी पत्रावळीत माती पसरून धान्य मिसळत बसल्या होत्या. सकाळपासून त्यांनी एकदाही वर पाहिलं नव्हतं. आता त्या मातीच्या हातांनीच उठल्या.

"तितं न्हाय संपत ते," त्या म्हणाल्या.

सगळे वळले.

"डाव्या दाराच्या बुडाखालनं गेलं हुतं. म्या वढत हुते, तवा तितंच आडकलं. पाय लावला दाराला, तवा कुठं सुटलं. दोन पत्र्याच्या चिमट्या हुत्या." त्यांनी तळहात उघडला. माती आणि हळद यांच्या मधे दोन चिरा. "येक हितं लागली, दुसरी हितं. चार बोटांचं आंतर. त्या चिमट्यांनीच कापलं मला."

प्रेमलानं ओठांवरचा नेम सोडला. कालपासूनचा तिचा पहिला आवाज घोगरा आला. "किती लांब होतं ते, आत्या? चिमट्यांच्या पुढं?"

"लांबी कशी सांगू बाई? सुटलं तवा खांद्यावर टाकलं म्या." रंगूबाईंनी हात पसरला. "खांद्यापास्नं बोटापातूर, आन् वर येक वीत लोंबत हुतं."

"इथं या. दाखवा."

रंगूबाईंचे गुडघे धरलेले. पायऱ्या त्या एकेक करून, कठडा धरून उतरायच्या. आज मानसिंगनं हात दिला. अंगणात त्या रांगोळीच्या दोन रेघांमधे, धान्याची माती लागलेल्या हातांनी, खाली बसल्या, आणि जमिनीवर हात लांब पसरला. प्रेमलानं त्यांच्या खांद्यापासून रेघ सुरू केली. कोपरावरून, मनगटावरून, दोन चिरांच्या शेजारून. बोटं संपल्यावर त्यांच्याच वितीनं एक वीत मोजली. टोक बरोबर मागच्या खोबणीपाशी येऊन थांबलं.

"तपकिरी!" विश्वजित गाडीतून ओरडला. "बसतंय! एकदम बसतंय, वहिनी!"

"चिंच," प्रेमला म्हणाली, आणि तिनं डोळे पुसले. गालावर रांगोळी लागली.

"आता मला उठवा की कुनीतरी," रंगूबाई म्हणाल्या. "माजे घट ऱ्हायलेत."

नऊ दिवस ती रांगोळी अंगणात राहिली. तिच्या शेजारी प्लायवूड मांडून रेघांच्या मापानं खिळे ठोकले, आणि जयमाला, कारखान्यातल्या आणखी दोघी आणि प्रेमला त्याच्याभोवती फिरत राहिल्या. दुपारी नवरात्राचे उपास, हातात पक्कड, तोंडात देवीची गाणी. कुत्रं फिरकू नये म्हणून रंगूबाई काठी घेऊन ओट्यावर बसायच्या. एकदा कमळाकरशेठ बघायला आले तर त्यांनाही त्यांनी चप्पल बाहेर काढायला लावली.

दसऱ्याला घरातली हत्यारं पाटावर मांडली. विळी, कोयता, विश्वजितचे पाने, प्रेमलाची पक्कड, आणि मधोमध मानसिंगचा गोणी ओढायचा लोखंडी हूक, घासून चकचकीत केलेला. गंध, झेंडू, आपट्याची पानं. पूजेला लावलेल्या हत्याराला आज दिवसभर हात लावायचा नाही, असा त्या घरचा रिवाज. त्यानंतर सगळी मंडळी गाडीपाशी आली. जोतीरामांच्या हातात झेंडूचा हार होता. उज्वला सीवूड्सहून नवऱ्याला घेऊन आली होती.

विश्वजितनं बॅटरी जोडली. प्रेमलानं मनातल्या मनात देवीचं नाव घेतलं आणि बटण ओढलं.

डावा दिवा लागला. उजवा नाही.

फाटकाशी कुणी टाळी वाजवली आणि मधेच थांबवली. जोतीराम हार धरून तसेच उभे राहिले. "दिवं म्हनलो हुतो म्या," ते सावकाश म्हणाले. "येक न्हाय."

"आबा, विशूच्या मोटरसायकलला एकच दिवा होता," उज्वला एकदम म्हणाली. "तिला नाही का तुम्ही हार घातला? दर वर्षी घालायचात!"

लोक हसले. विश्वजितनं बहिणीकडं डोळे विस्फारून पाहिलं. जोतीरामांच्या मिशीलाही जरा हालचाल झाली. त्यांनी हार थोडा वर उचलला.

"थांबा, मामंजी," प्रेमला म्हणाली. "दोन म्हणजे दोन."

ती साडी खोचून गाडीपुढं बसली. वायर तिची स्वतःची होती, तिच्यावर तिचा संशय नव्हता. ती काळीच्या टोकाशी गेली, जिथं वायर गाडीच्या पत्र्यावर कसली होती. पत्रा काळा होता. आगीची काजळी बोल्टाखाली बसली होती. त्या काजळीतून वीज जाणार कशी?

"इथं खरवडायला हवं. लोखंड लागेपर्यंत. भाऊजी, काहीतरी टोकदार द्या."

"सगळं पूजेला मांडलंय," विश्वजित म्हणाला. "उद्या..."

"उद्या एकादशी."

मग मानसिंग वळला, घरात गेला, आणि पाटावरून आपला हूक उचलून घेऊन आला. त्याला लावलेलं गंध ओलं होतं, दांड्यावर झेंडूची पाकळी चिकटली होती. आईनं "आरं!" केलं, तिकडं त्यानं पाहिलं नाही. तो बायकोशेजारी उकिडवा बसला.

"कुठं खरवडू?" त्यानं विचारलं.

प्रेमलानं त्याच्याकडं पाहिलं. सर्वपित्रीच्या दिवशी त्याची नजर पानात होती. आज ती तिच्या तोंडाकडं होती.

"इथं. गोल. जोरात."

हुकाच्या टोकाखालून काजळी उडाली, मग रंग, मग पांढरं लोखंड. प्रेमलानं बोटांनीच बोल्ट आवळला, हात पदराला पुसले आणि पुन्हा बटण ओढलं.

दोन्ही दिवे लागले. भर सकाळी, उन्हात, फिकट पिवळे. तरी वसाहतीतली सगळी माणसं ते बघायला पुढं सरली.

जोतीरामांनी हार घातला. करपलेल्या पत्र्यावर झेंडू ठेवताना त्यांचा हात जरा जास्त वेळ तिथं राहिला. मग ते घराकडं वळून म्हणाले, "हितलं मिटलं. आता गावाला कोन?"

"म्या," रंगूबाई म्हणाल्या.

"आई, तू?" उज्वला म्हणाली. "सगुणाकाकूशी तू अकरा वर्षं बोलली नाहीस."

"मग काय झालं? तिचा पाय मोडलाय, तोंड न्हाय मोडलं. एकटीनं भांडंल तरी कुनाशी ती?" त्या विश्वजितकडं वळल्या. "विशा, ही पळाया कधी लागंल?"

"इंजिन उघडायचंय अजून, आई. दिवाळीच्या आत लावतो."

"मग दिवाळीच्या आत जाते. हिच्यातनंच सोड मला. दोन मानसं बसत्यात न्हवं? तू आन् म्या."

कठडा धरून त्या गाडीच्या डाव्या अंगाला आल्या. दार उघडलं. त्याच्या बुडाच्या कडेवरून त्यांनी हात फिरवला, आणि ज्या जागी तो थांबला ती जागा प्रेमलाला न बघता कळली.

"चिमट्या नव्या बसीवल्यास?"

"बसवल्यात, आत्या. दोन. चार बोटांच्या अंतरानं."

"घट्ट हायत?"

"ओढून बघा."

रंगूबाईंनी साडी वर धरली, दाराला पाय लावला, वायरीला बोटांचा विळखा घातला आणि त्या दिवशीसारखा सगळा जीव लावून ओढलं.

नाही निघालं.